सांभाळ सर

सरांचं खरं नाव कॉलेजात फार थोड्यांना माहीत होतं, आणि ज्यांना होतं त्यांनीही ते कधी वापरलं नाही. मैदानावर ते एकच शब्द ओरडायचे, "सांभाळ!" बॉल आपल्या गोलसमोर असो नाहीतर समोरच्यांच्या. आपला मुलगा एकटा पुढे निघालाय, गोलकीपर आडवा पडलाय, गोल रिकामा आहे, सगळं मैदान "मार, मार" करतंय, आणि कडेने सरांचा चिरका आवाज यायचा, "सांभाळ रे, सांभाळ!" काय सांभाळायचं आणि कोणापासून, ते मुलांना कधी कळलं नाही. म्हणून सांभाळ सर.

अंधेरीतलं आमचं कॉलेज तसं क्रिकेटवालं. फुटबॉल खेळायची ती वर्सोव्याची कोळ्यांची पोरं, मरोळची ख्रिश्चन पोरं आणि ज्यांना क्रिकेटच्या टीममध्ये कोणी घेतलं नाही अशी उरलेली. बघायला जायचो आम्ही दहाबारा जण. त्यात मुली दोनच, मी आणि शैला. आम्ही कंपाउंडच्या भिंतीवर पाय सोडून बसायचो. आमचा म्होरक्या दिगंबर, म्हणजे दिग्या. गणपतीतला ताशा घेऊन यायचा आणि मॅच संपेपर्यंत हाताला फोड येईस्तोवर बडवायचा. स्वतः एकदाही बॉलला पाय लावला नव्हता त्याने, पण टीम हरली की दोन दिवस जेवायचा नाही.

सर मूळचे मालवणकडचे. परळला एका गिरणीच्या टीममधून खेळायचे. संपानंतर गिरणीला टाळं लागलं, टीमही गेली, आणि कोणाच्यातरी ओळखीने ते आमच्याकडे कोच म्हणून आले. बुटके, काटकुळे, खांदे वर ओढलेले, जणू वरून काहीतरी पडणार आहे. बगलेत कायम छत्री, अगदी मे महिन्यातसुद्धा.

मॅचच्या आधी ते अख्खं मैदान पायाखाली घालायचे. वाकून वाकून काचा, खडे, खिळे उचलायचे आणि उघड्या छत्रीत टाकायचे. मग मुलांना रांगेत उभं करून एकेकाच्या कपाळाला पालथा हात लावून ताप बघायचे. "जेवलंस काय? काय जेवलंस? रात्री झोप लागली?" मरोळचा आमचा फुलबॅक एकदा वैतागून म्हणाला, "सर, लग्न लावताय का माझं?" सर हसले नाहीत. त्याची जीभ बाहेर काढायला लावून ती बघितली आणि पुढच्याकडे वळले.

मैदानाच्या गेटबाहेर एक रिक्षा उभी असायची. मुलुंडला त्यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसाची. मॅच सुरू झाल्यापासून संपेपर्यंत ती तिथून हलायची नाही. "असू दे. कोणाचा पाय मोडलो तर?" असं म्हणायचे. पाय कधी कोणाचा मोडला नाही. रिक्षावाला मागच्या सीटवर आडवा होऊन झोप काढायचा.

इतर कोच पोरांना सांगतात, घाबरू नका. आमचे सर उलटं. नवीन मुलगा छाती काढून मैदानात उतरला की त्याच्या दंडाला धरून म्हणायचे, "घाबरूक शिक मेल्या! जो घाबरता तो मागे बघता. मागे बघणाऱ्याकडून बॉल कोण काढून घेत नाय." आणि खरं सांगते, ती टीम हरायची कमी. सगळे सतत मानेवरून मागे बघत खेळायचे. बाहेरच्या कॉलेजची पोरं हसायची, पण गोल त्यांना होत नसे.

माझी आणि सरांची ओळख झाली ती पेनल्टीमुळे. पेनल्टी मिळाली, आपल्याला किंवा त्यांना, की सर मैदानाकडे पाठ करून उभे राहायचे. त्यांना बघवायचंच नाही. समोर भिंतीवर आम्ही दोघी. मग ते आमच्या तोंडाकडे बघत राहायचे. डोळे मोठे, ओठांत छत्रीची मूठ. बॉल मारल्याचा आवाज यायचा, आणि मी काही बोलायच्या आत ते वळायचे. एकदा मी विचारलं, "सर, मी सांगितलं पण नाही, तुम्हाला कसं कळलं?"

"तुझा तोंड सांगता गो," ते म्हणाले. "रेफरी खोटा बोलात, तोंड नाय बोलणार."

तेव्हापासून पेनल्टी आली की ते माझ्याच समोर येऊन उभे राहायचे, आणि मी ओठ घट्ट मिटून घ्यायचे. चुकून हसले तर? वाटायचं, गोल होणं न होणं माझ्या चेहऱ्यावर आहे.

त्या टीमचा हिरा होता नाथा. वर्सोव्याचा. वडिलांची जुनी होडी, आई अंधेरी मार्केटात मासळी विकायची. नाथाचे पाय असे अवाढव्य की त्याच्या मापाचे बूट अख्ख्या कॉलेजात दुसऱ्या कोणाचे नव्हते. त्याने एकदा बॉल घेतला की आम्ही भिंतीवर उभे राहायचो. त्या वर्षी तो शेवटच्या वर्षाला होता, आणि मोठ्या कंपन्यांच्या टीम तेव्हा खेळाडूंना नोकऱ्या द्यायच्या. एका कंपनीची माणसं फायनल बघायला येणार आहेत, नाथाला बघायलाच येणार आहेत, ही बातमी आमच्या जिमखान्याच्या प्राध्यापकांनी आणली होती. तेव्हापासून नाथा जरा ताठ चालायला लागला. त्याच्या आईने मार्केटात सगळ्यांना सांगून टाकलं, पोरगा आता जमिनीवर कमावणार, समुद्रावर नाही.

सेमीफायनलला हेडर मारायला नाथा उडाला आणि त्यांच्या गोलकीपरचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. नाथा पडला तो उठेचना. दिग्याचा ताशा थांबला. सर मैदानात धावत गेले, रेफरीने हाकललं तरी हलेनात. मग नाथा उठला, डोकं झटकलं, आणि थोड्या वेळाने त्यानेच गोल मारला. आम्ही जिंकलो! भिंतीवरून उड्या मारल्या, दिग्याने त्याला खांद्यावर घेतलं.

मॅच संपल्यावर नाथा पाणी प्यायला समोरच्या टीमच्या बाकाकडे गेला. आम्ही हसून लोळलो. मग त्याने विचारलं, "कोण जिंकला?" आणि आम्ही परत हसलो. आम्हाला वाटलं मस्करी करतोय. सर एकटे हसले नाहीत. ते त्याच्याकडे बघत होते.

फायनलपर्यंतचे दिवस सरांनी नाथाच्या मागे काढले. कँटीनमध्ये त्याच्यासमोर बसून बोटं धरायचे, "किती?" मध्येच विचारायचे, "आज वार कंचो?" नाथा बरोबर उत्तरं द्यायचा, कंटाळून द्यायचा. कॉलेजच्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, ठणठणीत आहे. पण सरांनी जाहीर केलं, नाथा खेळणार नाही.

कॉलेज पेटलं. दिग्या कँटीनच्या टेबलावर उभा राहून ओरडला, "ह्या घाबरटाने वाट लावली आपली!" प्राध्यापक समजवायला गेले, प्रिन्सिपॉलने केबिनमध्ये बोलावलं. सर तिथेही एवढंच म्हणत राहिले म्हणे, "माका बरोबर वाटत नाय." का, तर सांगता येत नव्हतं. पुरावा काय, तर नाही. शेवटी प्रिन्सिपॉलने सांगितलं, मुलगा खेळेल, डॉक्टर हो म्हणालेत, विषय संपला. सर छत्री उचलून बाहेर आले. आम्हाला वाटलं, खरंच संपला.

फायनल अंधेरीतच होती. नाथाची आई सकाळचा बाजार उरकून आली, आयुष्यात पहिल्यांदा मॅच बघायला. आम्ही तिला आमच्या शेजारी बसवलं. तिने हिरवं लुगडं नेसलं होतं, डोक्यात अबोली. मला सारखी विचारत होती, "बाय, कंपनीवाले कंचे गं?" मी खुर्च्यांकडे बोट दाखवलं. तिथे पांढऱ्या शर्टातली माणसं थंड पीत बसली होती. तिने पदर सारखा केला, जणू ते तिलाच बघायला आले आहेत.

कनातीच्या आडोशाला टीम कपडे बदलत होती. नाथा खाली बसून पायाला पट्टी गुंडाळत होता. बूट शेजारी. सर त्याच्यासमोर उभे होते. ते वाकले, आणि मला वाटलं, नेहमीसारखं कपाळाला हात लावणार. त्यांनी बूट उचलले. छातीशी धरले, छत्री बगलेत मारली आणि चालायला लागले. आधी हळू. मग पळायला. सरांना पळताना आम्ही कधी बघितलं नव्हतं. बुटांच्या नाड्या हवेत उडत होत्या.

"अरे, बूट! सर बूट घेऊन पळाले!" कोणीतरी बोंब मारली.

गेटबाहेरची रिक्षा चालूच होती. सर आत बसले आणि रिक्षा निघाली. नाथा अनवाणी मागे धावला. आम्ही भिंतीवरून बघत होतो. तो सरळ धावत नव्हता. रस्ता सरळ होता, आणि हा डावीकडे डावीकडे जात उसाच्या रसाच्या गाडीवर जाऊन आदळला. उठला, परत धावला, परत तसाच. आम्हाला वाटलं, रडतोय म्हणून दिसत नसेल.

त्याची आई भिंतीवरून उतरून रस्त्यावर गेली होती. "मेल्या, माझे पोराची नोकरी घेऊन कुठं चाललास!" तिचा तो आवाज माझ्या कानात अजून आहे. मासळी बाजारातला आवाज तो, स्टेशनपर्यंत गेला असेल.

दुसऱ्यांचे बूट नाथाच्या पायात शिरेनात. अनवाणी खेळायला रेफरी नाही म्हणाला. आमची टीम कोचाशिवाय, नाथाशिवाय खेळली आणि एका गोलने हरली. कंपनीची माणसं मध्यंतरातच उठून गेली. त्यांनी उठायला खुर्च्या मागे सारल्या तेव्हा नाथाची आई माझा हात धरून बसली होती. तो हात तिने सोडला नाही, नुसता दाबत राहिली.

संध्याकाळी रिक्षावाल्याने बूट जिमखान्याच्या शिपायाकडे आणून दिले. तळाच्या खिळ्यांमधली माती काढून, पुसून. सर आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी कॉलेजने त्यांना काढलं. कोणी म्हणालं, समोरच्या कॉलेजने फोडलं. कोणी म्हणालं, गिरणीच्या टीममध्ये असताना त्यांच्या हाताखाली एक पोरगा मैदानात मेला होता, तेव्हापासून डोक्यावर परिणाम झालाय. दिग्याने कंपाउंडच्या भिंतीवर, आम्ही बसायचो तिथेच, डांबराने लिहिलं : सांभाळ सर चोर.

पण नुसतं लिहून दिग्याचं समाधान होईना. त्याला जाब विचारायचा होता. एका रविवारी तो, शैला आणि मी सरांच्या घरी निघालो. पवईवरून बस बदलत मुलुंडला गेलो. बसमध्ये दिग्या काय काय बोलणार ते घोकत होता. मला मात्र घाम फुटला होता. वाटत होतं, सर दारातून हाकलतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे माफी मागतील. मग आम्ही काय करायचं?

चाळीत तळमजल्यावर खोली होती. दार त्यांनीच उघडलं. आम्हा तिघांना बघितलं, आणि मग त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर थांबली. त्यांचा रंग उतरला. चौकटीला धरून ते हळूहळू उंबऱ्यावर बसले.

"गेलो काय?" त्यांनी विचारलं.

"कोण गेला?" दिग्या म्हणाला.

"नाथा."

पहिल्यांदा आम्हाला कळलंच नाही. मग शैला पटकन खाली वाकली, "नाही नाही सर! नाथा बरा आहे. अगदी बरा आहे."

सर माझ्याकडेच बघत होते. मी मान हलवली. मग ते उठून मोरीत गेले आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिले. त्यांच्या बायकोने आम्हाला आत घेतलं, चटई टाकली. तिचे डोळे सुजलेले होते. "फायनल झाल्यापासून असेच हत," ती म्हणाली. "दारावर कोण वाजवला की वाटता, बातमी इली."

सर पंच्याने तोंड पुसत आले आणि दिग्यासमोर बसले. "उलटी होता काय त्याका?"

दिग्या चटईची काडी उपसायला लागला.

"डोक्यात कळ येता? उन्हात डोळे मिटून घेता? झोपता किती?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. आम्ही नाथाचे एवढे भक्त, पण फायनलनंतर त्याला भेटलं कोणी नव्हतं. तो कॉलेजला येत नव्हता. आम्हाला वाटलं, रुसलाय.

दिग्या घोकलेलं सगळं विसरला असावा. तरी धीर करून म्हणाला, "सर, लोक म्हणतात तुम्हाला त्या कॉलेजने फोडलं."

"कोणी?" सरांना खरंच कळलं नाही. बायकोला कळलं. ती चहाचं आधण तसंच ठेवून फिरली. "ह्या माणसाक कोण फोडतलो रे? ह्यो बाजारात नारळ फोडूक घाबरता, शिंतोडे उडतील म्हणान!" दिग्याने मान खाली घातली.

शैलाने हळूच विचारलं, "सर, गिरणीत तुमच्या हाताखालचा कोणी... म्हणजे असं आधी कधी झालं होतं?"

"नाय गो. माझ्या हाताखाली कोणाक कधी कायच झाला नाय." सरांनी पंचा खांद्यावर टाकला. "म्हणान तर भीती."

"मग नाथाला नक्की काहीतरी झालंय, हे तुम्हाला कशावरून?" मी विचारलं.

"नक्की खंय होता?" सर म्हणाले. "नक्की असता तर प्रिन्सिपॉलाक पटवून दिलं असतंय. नक्की नव्हता, म्हणान बूट घेतलंय."

चहा पिऊन आम्ही निघालो. बसस्टॉपपर्यंत सोडायला आले. रस्ता ओलांडताना आम्हा मोठ्या घोड्यांना त्यांनी हाताने अडवून धरलं होतं. भिंतीवरचं डांबर दिग्याने पुसायचा प्रयत्न केला, पण ते काही निघालं नाही. सर पुढच्या पावसाळ्याआधी गावी गेले, एवढं रिक्षावाल्याकडून कळलं. नंतर काहीच नाही.

मी मात्र दुसऱ्या दिवशी मार्केटात नाथाच्या आईकडे गेले. नाथा घरात अंधार करून पडून असतो, ती म्हणाली. पाण्यावरचं ऊन बघवत नाही त्याला. हातातनं भांडी पडतात. मग हळूहळू तो बरा झाला. कंपनीवाले परत आले नाहीत. पुढच्या वर्षी दुसऱ्याच कॉलेजातल्या कोणालातरी घेतलं, आणि नाथा वडिलांच्या होडीवर गेला.

इतकी वर्षं झाली, तरी आम्ही जमलो की वाद होतोच. कोणाच्या मुलीचं लग्न असो नाहीतर बारसं, जेवणाच्या पंगतीत विषय निघतो. दिग्या आता आजोबा झालाय, पण अजून म्हणतो, "सरांना दोष देत नाही मी. पण त्या पोराचं आयुष्य गेलं, हे तर खरं ना?" शैला म्हणते, आयुष्य राहिलं. दोघं माझ्याकडे बघतात. मी ज्या दिवशी ज्याच्या शेजारी बसलेली असते, त्याचं मला पटतं.

मध्यंतरी वर्सोव्याच्या बंदरावर मासळी घ्यायला गेले होते. एका होडीतून टोपल्या उतरवून घेणारा माणूस माझ्याकडे बघायला लागला. केस पांढरे, पोट सुटलेलं. पायांवरून ओळखला.

"भिंतीवाली ना तू?" नाथा म्हणाला.

उलट्या टोपलीवर त्याने मला बसवलं, माणूस पाठवून चहा मागवला. आई गेली होती. दोन होड्या होत्या आता, मुलगी बँकेत लागली होती. इकडचं तिकडचं झालं आणि मग मी विचारलंच. सरांबद्दल.

नाथा चहाच्या ग्लासात बघत राहिला. "दोन दिसायचे," तो म्हणाला.

"काय?"

"बॉल. सेमीफायनलपासून सगळं दोन दोन दिसायचं. बोटं पण. तो दोन धरायचा, मला चार दिसायची, मी अर्धी करून सांगायचो. कोणाला बोललो नाय. आईला पण नाय. नोकरी होती ना समोर."

मी टोपलीवरून उठलेच. "म्हणजे सर बरोबर होते!"

"कोण बोललं?" त्याने एकदम वर बघितलं. "दोन दिसत होते तरी सेमीफायनलला गोल मारला का नाय मी? फायनलला पण मारला असता. नायतर मेलो असतो. काय झालं असतं, ते तुला माहीत नाय, मला माहीत नाय, त्याला पण माहीत नव्हतं."

"राग आहे अजून?"

"आहे ना. तो जाणार नाय." त्याने ग्लास खाली ठेवला. मागून कोणीतरी हाक मारत होतं, बर्फ आला होता. तो उठला, दोन पावलं गेला आणि परत फिरला.

"तो कुठं असतो गं आता?"

मी म्हटलं, माहीत नाही. असतील की नाही, तेही माहीत नाही.

"कळलं तर सांग मला," नाथा म्हणाला. "जाईन मी. आधी शिव्या घालीन चांगल्या. आणि मग सांगीन त्याला, डोकं ठीक आहे म्हणून."